सदतीस पॉइंट तीन

१

खंडेनवमीच्या संध्याकाळी पाच वाजता, जळोचीच्या कालव्याकाठच्या उबवणी केंद्रात तिथल्या जुन्या कामगारानं, झुंबरनं, एक नंबर यंत्राचं दार उघडलं आणि तोंडावर असा गरम भपका आला, की तो दोन पावलं मागंच सरला. आत एकोणीस हजार अंडी होती. सोळा दिवसांची. पाच दिवसांनी त्यातून पिल्लं बाहेर पडायची. झुंबरनं एक अंडं उचलून दिव्यावर धरलं. आतलं काही हलेना. दुसरं धरलं. तिसरं धरलं. विसावं धरलं आणि मग त्यानं दिवा विझवला.

यंत्रातल्या पंख्याचा पट्टा दुपारी दोनच्या सुमारास तुटला होता. एकोणीस हजार जीव अंड्यातल्या अंड्यात उकडून मेले, आणि कालव्यापलीकडच्या ऑफिसात घंटा काही वाजली नाही.

ती घंटा संघपालनं बसवलेली होती. संघपाल इंदापूरचा, चोवीस वर्षांचा, केंद्रातल्या कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. केंद्र कालव्याच्या अलीकडे, ऑफिस पलीकडे. मधून वायर ओढायची तर परवानगी काढा, खांब रोवा, शंभर भानगडी. त्यावर ह्या पोरानं डोकं चालवलं. ऑफिसच्या खिडकीत एक जुना लॅपटॉप ठेवला, त्यात विंडोज काढून लिनक्स घातलं. लॅपटॉपच्या एका खाचेत वायरचं कार्ड, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. दुसऱ्या खाचेत बिनतारी कार्ड, ते हवेतून कालव्यापलीकडच्या यंत्राशी बोलणारं. यंत्राची उष्णता दर मिनिटाला हवेतून लॅपटॉपकडे यायची, लॅपटॉप ती वायरीवरून पुढं पाठवायचा, आणि आकडा वाढला की घंटा. १९९९ साली बारामतीत हे असलं कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक खिडकीशी येऊन बघून जायचे.

आणि आता तीच घंटा संघपालच्या गळ्यात अडकली होती. तो रविवारीच रजा घेऊन दसऱ्यासाठी नागपूरला, दीक्षाभूमीवर गेला होता. गुरुवारी सकाळी परत आला तर केंद्राच्या फाटकावरच मालक राजवर्धन उभे. अकरा कामगारांच्या देखत ते म्हणाले, "जाताना मुद्दाम बिघाड करून गेलास. उद्या पाच वाजेपर्यंत लेखी कबुली दे. नाहीतर मी पोलिसात जातो."

२

"केलंस का तू?" चतुराबाईंनी विचारलं.

"आत्या!"

"विचारलं नुसतं. एकदा विचारायला लागतंय, मग पुन्हा न्हाय विचारणार."

चतुराबाई संघपालच्या आत्या. पोराचे आईबाप गेल्यापासून इंदापुरात ह्यांच्याच घरी तो वाढला. बाई बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. दिवसाला शेकडो माणसांचं बोलणं ह्या हातानं जोडलं, त्या हातानं तोडलं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी हाताला चैन नव्हती. बसल्या जागी पदराच्या टोकाशी बोटं चाळवत राहायची. त्या दिवशी तर भाकरी तव्यावर करपली तरी बाईंचं लक्ष नाही.

"पुण्याचा माणूस काय म्हणाला, ते नीट सांग मला."

"साहेबांनी पुण्याहून कॉम्प्युटरवाला बोलावला. त्याला लिनक्सचं काही कळत नाही. त्यानं कुणाला तरी फोन करून विचारलं. लॅपटॉपमध्ये एक आकडा असतो, आत्या. तिथं शून्य असला तर लॅपटॉप आलेलं पुढं पाठवत नाही. एक असला तर पाठवतो. मी एक केला होता. त्यानं बघितलं तर शून्य. आणि तो बदलायला माझाच पासवर्ड लागतो."

"मंजे दोन्हीकडच्या लाइनी चांगल्या. मधली बाईच जोडून देईना."

संघपाल चमकून बघत राहिला. "अगदी तसंच. तो माणूस म्हणाला, लॅपटॉप केंद्राशी बोलतोय, ऑफिसशी पण बोलतोय. फक्त इकडचं तिकडं देत नाही."

"आन् तू तर नागपुरात. मग शून्य झाला कसा?"

"ते म्हणतात, जाताना टायमर लावून गेलास."

बाईंनी तवा उतरवला. पोराच्या तोंडाकडे रोखून बघितलं. एकतीस वर्षांत त्या माणसं आवाजावरून ओळखायला शिकल्या होत्या. हा आवाज खोटा नव्हता, पण पुरताही नव्हता. काहीतरी गिळलेलं होतं.

"आनखी काय हाय? सांग. माझ्यापाशी न्हाय तर कुणापाशी सांगशील?"

संघपालनं मान खाली घातली. "तो एकचा आकडा मी हातानं टाइप केला होता. लॅपटॉप बंद होऊन परत चालू झाला, की तो विसरतो. पुन्हा शून्य होतो. चालू होताना आपोआप एक व्हावा म्हणून एका फाइलीत ओळ लिहून ठेवायची असते. ती लिहायची माझ्याकडून राहिली. उद्या लिहू, उद्या लिहू करत सहा महिने गेले."

"आरं मग सोपं हाय की! कुणीतरी बंद करून चालू केला आसंल!"

"मी ऑफिसातल्या पायलला फोन करून विचारलं. ती म्हणते, कुणी हात लावला नाही. लाइट गेली तरी त्याला बॅटरी आहे, चार तास चालतो. आपोआप तो बंद पडूच शकत नाही." तो भिंतीला टेकून बसला. "कुणी बंद केलाच नसेल, आत्या, तर मग मीच उरतो."

३

शुक्रवारी सकाळची एसटी अर्धा तास उशिरा आली. चतुराबाई स्टँडवर येरझाऱ्या घालून घालून कंडक्टरच्या डोळ्यांवर आल्या. "बसा की मावशी," तो म्हणाला. "बसून गाडी लवकर येती व्हय?" बाई म्हणाल्या.

भवानीनगरला त्या उतरल्या. झुंबरचं घर तिथंच. मेल्या अंड्यांचा खड्डा बुजवल्यापासून झुंबर कामावर गेला नव्हता. अंगणात बाजेवर बसून होता. त्याच्या मनात संघपालच्या यंत्राविषयी अढी आहे, हे साऱ्या जळोचीला ठाऊक होतं. बाईंनीही पहिला संशय त्याच्यावरच धरला होता.

"झुंबरराव, खरं बोला. तुमाला त्ये यंतर डोळ्यांत सलत हुतं."

"सलत हुतं," झुंबर म्हणाला. "बावीस वरसं मी दर तासाला दार उघडून हात घालून बघायचो. घंटा आली आन् सायेब म्हनले, झुंबर, तुझी फेरी बंद. मशीन बघंल. सलंल न्हाय तर काय? पर म्हनून मी पिल्लं मारीन? माज्या हातनं लाखानं पिल्लं निगाली, बाई." त्यानं डोळे पुसले, लाजला नाही. "त्या दिशी फेरी आसती तर आडीचलाच घावलं आसतं."

"त्या दिशी कोन कुठं हुतं?"

"खंडेनवमी. अकरा ते एक केंद्रात पूजा, नारळ, परसाद. मॅनेजर मानसिंगराव पूजेला बसलं हुतं. डायवर, पोरं, ऑफिसातली पायल, समदी तितंच. सायेब तेवढं न्हाय येत. त्येंचा देवधर्मावर इस्वास न्हाय. ऑफिसात बसून व्हते."

"पूजेत यंतर थांबवलं का?"

"अंड्याचं यंतर कसं थांबवनार? त्येला लांबनंच हात जोडायचं. बाकी मोटर, जनरेटर, समदं बंद करून मग कुंकू. चालत्या यंतराला कुंकू लावायचं न्हाय, ही थोरल्या मालकांपास्नंची रीत."

बाई उठल्या. चहा समोर आला होता, तो तसाच राहिला. झुंबरची बायको म्हणाली, चहा टाकून जाऊ नये. बाईंनी उभ्या उभ्या बशीत ओतून घेतला, तोंड पोळलं, आणि त्या रस्त्याला लागल्या. साडेअकरा वाजले होते.

४

ऑफिसात पायल एकटी होती. पोरगी भेदरलेली. संघपालची आत्या म्हटल्यावर तिची पाचावर धारण बसली.

"मावशी, मी काही केलं नाही हो."

"कोन म्हनतंय केलं? उष्णतेची वही दाखव तेवढी."

समोरच्या कॉम्प्युटरवरचा आकडा दर तासाला वहीत उतरवायचा, हे पायलचं काम. बाईंनी सोमवारचं पान काढलं, चष्मा लावला. नऊला सदतीस पॉइंट चार. दहाला सदतीस पॉइंट सहा. अकराला पॉइंट पाच. बाराला पॉइंट तीन. एकला पॉइंट तीन. दोनला तीन. तीनला तीन. चारला तीन.

"पोरी, मागची पानं बघ. कुठंतरी दोन तास सलग एक आकडा हाय का? रोज हालतोय. सोमवारी दुपारी हालायचंच इसरला?"

पायलनं वहीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "नवीन काही आलं नाही की जुनाच आकडा तसाच राहतो समोर. माझ्या लक्षातच नाही आलं. मी आपली उतरवत गेले."

"बाराचा कवा लिवला? तू तर पूजेला हुतीस."

"एकला आल्यावर लिहिला. बाराचा आणि एकचा, दोन्ही एकदम. समोर दिसत होता तोच." ती रडायलाच लागली. "साहेबांना नका सांगू."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मन दुसरीकडेच धावत होतं. पट्टा तुटला दोनला. जोडणी तुटली त्याच्या आधीच, अकरा ते एकच्या मध्ये. म्हणजे बिघाड करणाऱ्याला अंडी मारायचीच असं काही नव्हतं. त्या वेळी यंत्र ठणठणीत चाललं होतं!

त्या खिडकीशी गेल्या. लॅपटॉप तिथंच, दिवे लागलेले, गुणी पोरासारखा गप्प. बाईंनी त्याला हात लावला नाही, नुसत्या वाकून बघत राहिल्या. वरची बाजू ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेली. पण चालू करायच्या बटणाभोवती बारीक खाच होती, आणि त्या खाचेत काहीतरी लाल भरलेलं होतं. बाईंनी केसांतली पिन काढली, टोकानं खरवडलं आणि बोटावर घेतलं.

"पायल, हितं पूजा केली व्हती?"

"छे! ह्या वर्षी ऑफिसात पूजा करायची नाही म्हणून साहेबांनी नोटीस लावली. ही काय, दारावर आहे."

बाईंनी बोट तिच्यासमोर धरलं. बोटावर कुंकू होतं.

५

"कुंकू?" मानसिंगराव दारातूनच म्हणाले. राजवर्धनचे चुलते, साठीचे, केंद्राचे मॅनेजर. "बाई, तुमी हितं कशाला आलात त्ये समजतंय मला. पोराला वाचवायला. पर तुमच्या पोरानं मुद्दाम आमच्या सणाचा दिवस साधला."

चतुराबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्येचाबी सण हाय त्यो, मानसिंगराव. तेतालीस वरसं झाली. माजा बाप मला घेऊन नागपूरला गेला तवा मी आठरा वर्षांची हुते. रजेचा अर्ज एक महिना आदी दिलावता पोरानं. सई तुमचीच हाय त्येच्यावर."

सही त्यांचीच होती.

"सोमवारी तुमी हिकडं ऑफिसात आलावता का?"

"न्हाय. पूजेला बसलेला मानूस उठतो व्हय? अकरा माणसं साक्षीला हायत."

तेवढ्यात राजवर्धन आले. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पुण्यात शिकलेला. वाईट नव्हता. पण एकोणीस हजार अंडी गेलेल्या माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतंच. हातात कागद होता, टाइप केलेला. पोलिसात द्यायचा अर्ज.

"चतुराबाई, तुमच्या वयाचा मान राखतो. पण हे मशीनचं काम आहे. त्यात तुम्हाला काय कळणार?"

"येवढंच सांगा साहेब, सोमवारी अकरा ते एक ह्या खोलीत कोन आलं, कोन गेलं?"

"कुणीही नाही. मी स्वतः ह्या खुर्चीत बसून होतो. माशीसुद्धा आत आली नाही. म्हणूनच तर सांगतो, बाहेरच्या कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. संघपालनंच जाताना लावून ठेवलं."

खोलीत पंखा गरगरत होता. बाईंची बोटं पदराशी चाळवत होती, ती थांबली.

"मानसिंगराव," त्या म्हणाल्या, "दार लावून घ्या. आन् संघपालला फोन करा, पयल्या गाडीनं ये म्हनावं. मशीन बंद कुनी केलं त्ये कळलं मला."

६

संघपाल पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. तोवर बाई एका जागी बसल्या नाहीत. कालव्याच्या पुलापर्यंत चारदा जाऊन आल्या. आपण चुकलो तर पोराचं आयुष्य गेलं. पोलिसात एकदा नाव लागलं की ह्या गावात, त्या गावात, कुठंही दार उघडायचं नाही. आणि बरोबर निघालो तरी साहेब कबूल होईल कशावरून?

"मी विचारते, तुमी फकस्त व्हय की न्हाय म्हना," त्यांनी सुरुवात केली. "वहीतला आकडा अकरा ते एकच्या दरम्यान गोठला. मंजे मशीनीनं जोडून देणं तवाच सोडलं. बरुबर?"

"बरोबर," संघपाल म्हणाला.

"मशीन बंद होऊन चालू झालं की जोडून द्यायचं इसरतं. बरुबर?"

संघपाल साहेबांकडे वळला. "हो. ती ओळ मी लिहायला हवी होती. माझी चूक आहे, साहेब. मी काल सांगितलं नाही, भ्यालो."

"बघा!" राजवर्धन म्हणाले.

"थांबा साहेब. आता कुंकू. बटनाच्या खाचेत कुंकू घावलं. वरनं पुसलंय, पर खाचेत फडकं पोचलं न्हाय. चालत्या यंतराला कुंकू लावायचं न्हाय, आदी थांबवायचं, ही ह्या घरची रीत. मंजे ज्येनं कुंकू लावलं त्येनं मशीन आदी बंद केलं, हात जोडलं, मग चालू केलं. दोन्ही दिवे लागले. त्येला वाटलं, झालं. त्येच्या मनात काय पाप नव्हतं. आता सांगा. त्या येळेला समदी मानसं कालव्याच्या पल्याड. हितं माशीबी आली न्हाय, असं तुमीच म्हनला."

मानसिंगरावांनी हळूच पुतण्याकडे पाहिलं.

"राजा?" ते म्हणाले.

राजवर्धनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, दारावरच्या नोटिशीकडे पाहिलं.

"दादा, माझे वडील, गेल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही," ते अगदी हळू म्हणाले. "नोटीस लावली, कारण कामगार सगळ्या यंत्रांवर हळदकुंकू सांडतात. पण मला राहवेना. दादा म्हणायचे, वर्षातून एक घटका यंत्राला विसावा द्यावा. मी बटण दाबून बंद केलं, कुंकू लावलं, पाच मिनिटांनी चालू केलं. पुण्याचा माणूस येणार म्हणून नंतर पुसून टाकलं. त्यानं हसू नये म्हणून. मला खरंच वाटलं नाही, की त्यानं काही होईल."

"मशीन नोंद ठेवतं का रं?" बाईंनी विचारलं.

संघपाल लॅपटॉपसमोर बसला. पाच-सहा दिवसांनी त्याला कीबोर्डला हात लावायला मिळत होता. दोनचार ओळी टाइप करून त्यानं पडदा फिरवला. सोमवार, अठरा ऑक्टोबर, अकरा वाजून एकावन्न मिनिटं, मशीन नव्यानं चालू.

मानसिंगरावांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निगालो हुतो आपण."

राजवर्धननी हातातला अर्ज उभा आडवा फाडला. मग घसा साफ केला आणि मालकाचा आवाज परत आणायचा प्रयत्न केला. "झालं ते झालं. चूक तशी कुणाचीच नाही. संघपाल, उद्यापासून कामावर ये. विषय संपला."

"संपला?" चतुराबाई उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत लोकांच्या बोलण्यात मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. तो त्यांनी बाजूला ठेवला. "काल सकाळी चूक ह्येची हुती तवा तिला नाव हुतं, साहेब. आडनाव हुतं, जात हुती, नागपूरचं तिकीट हुतं. आज तुमच्या दारात आली तर ती कुनाचीच न्हाय? ह्येनं त्येची चूक तुमच्या तोंडावर कबूल केली. भ्याला, पर केली. तुमी फाटकावर अकरा मानसांसमोर बोललात. आता खोलीत दार लावून मिटवताय?"

मानसिंगराव पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. राजवर्धन उठले, चप्पल पायात सरकवली आणि पुलाकडे चालायला लागले. बाकीचे मागून.

केंद्राच्या अंगणात त्यांनी कामगारांना बोलावलं. सगळे गोळा व्हायला पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं त्या माणसाला जड गेली, हे कुणालाही दिसत होतं.

"अंडी मेली ती माझ्यामुळं," राजवर्धन म्हणाले. "पूजेसाठी मी ऑफिसातलं मशीन बंद केलं होतं. झुंबरची फेरी बंद केली तीही मीच. संघपालनं मुद्दाम काही केलेलं नाही. मी त्याला तुमच्यासमोर नाही ते बोललो." पुढचं त्यांना जड जात होतं. त्यांनी संघपालकडे तोंड वळवलं आणि हात जोडले. "चुकलो मी."

कुणीतरी खाकरलं. एक ड्रायव्हर पुढं आला आणि संघपालच्या पाठीवर त्यानं थाप मारली, जरा जास्तच जोरात. संघपाल हसला.

चतुराबाई फाटकाच्या पायरीवर खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागल्या. कालपासून त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. संघपाल धावत आला, शेजारी बसला.

"आत्या, आता कशापायी? सगळं झालं ना चांगलं?"

"व्हय रं," त्या म्हणाल्या, "म्हनून तर रडायला आत्ता कुठं सवड झाली."